नमलॉक लागतो का?

अण्णांना पूर्ण बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये काडीचाही रस नाही. "बटण दाबलं तरी काहीच होत नाही हो," असं कोणी सांगत आलं की ते पेपरातून मान वर न काढता "दुकानात न्या" म्हणतात. त्यात बघायचंय काय? पण कोणी जिना चढून येऊन म्हणालं, "अण्णा, तसा चालतो, पण मधेच हँग होतो. कधी दिवसातून दोनदा, तर कधी आठवडाभर काहीच नाही," की अण्णांचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो आणि पेपराची घडी होते. "मधेच म्हणजे नेमका कधी?" हा पहिला प्रश्न. समोरचा म्हणतो, "असाच. उगाच." झालं. त्या 'उगाच'वर अण्णांचा पुढचा पंधरवडा सुखात जातो.

कॉम्प्युटरमधलं कळणारा एक जण डोंबिवलीच्या प्रत्येक इमारतीत सापडतो आणि या मंडळींत पंथ आहेत. फॉरमॅट पंथाचा मुलगा दारातूनच "विंडोज मारावी लागेल" म्हणतो. चपला काढायच्या आधी निदान झालेलं असतं. व्हायरस पंथाचा माणूस घरातल्या कॉलेजकुमाराकडे अर्थपूर्ण नजरेने बघतो आणि काही केलेलं नसतानाही त्या बिचाऱ्याचे कान लाल होतात. रॅमवाल्यांना प्रत्येक दुखण्यावर रॅम वाढवणं हा एकच उतारा ठाऊक. अण्णा यांतल्या कुठल्याच पंथाचे नाहीत. त्यांचा कोणावरच विश्वास नाही, त्यामुळे संशय सगळ्यांवर सारखा: रॅमवर, हार्ड डिस्कवर, एसएमपीएसवर, भिंतीतल्या सॉकेटवर, सोसायटीच्या पंपावर आणि सर्वांत जास्त कॉम्प्युटरच्या मालकावर.

हे वळण त्यांना टेलिफोन खात्यात लागलं. रिलेंच्या खडखडाटात नोकरी सुरू झाली आणि डिजिटल एक्स्चेंजच्या थंडगार खोलीत संपली. 198 वर तक्रार नोंदवायचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हेही आठवत असेल, की फोन ठार डेड असला तर लाइनमन कधी तरी यायचा; पण 'मधेच खरखर येते' म्हटलं की कोणी फिरकायचं नाही. तो येईपर्यंत खरखर गेलेली असायची, मग तो बघणार काय? अण्णा त्या खरखरीच्या मागे जाणारे. पावसाचं पाणी केबलच्या जॉइंटमध्ये शिरलं की लाइन बिघडते, चांगलं ऊन पडलं की जॉइंट वाळतो आणि लाइन आपोआप सुधारते. 'सुधारली' असं ग्राहकाने लिहून दिलं तरी अण्णा तक्रारीचं डॉकेट बंद करायचे नाहीत. "आपोआप गेलेला फॉल्ट गेलेला नसतो," ते अजूनही सांगतात. "तो चहा प्यायला गेलेला असतो."

'उगाच' म्हणणाऱ्याला ते दोन गोष्टी ऐकवतात. पहिली विंडोज 95 आणि 98 ची. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे मोजणारा एक आकडा त्यांच्या पोटात होता. 32 बिटांच्या त्या खणात मावत होते फक्त चार अब्ज एकोणतीस कोटी आणि वर काही लाख. म्हणजे 49 दिवस, 17 तास आणि दोन-तीन मिनिटं. तेवढा वेळ यंत्र सलग चालू राहिलं की आकडा पुन्हा शून्यावर यायचा आणि यंत्र गोठायचं. मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती काढली ती 1999 साली. "इतकी वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही, माहितीये?" इथे अण्णा थांबतात, आपण 'का' म्हणेपर्यंत थांबतात. "कारण विंडोज 95 कोणाकडे सलग 49 दिवस चाललीच नाही. त्याआधीच दुसऱ्या कशाने तरी बसायची."

दुसरी गोष्ट एका नावाजलेल्या एसएसडीची. ती 5184 तास चालून झाली की एकाएकी मौन धरायची. बंद करून पुन्हा सुरू केली की बरोबर तासभर नीट चालायची आणि पुन्हा मौन. वापरणाऱ्यांनी केबली बदलल्या, बोर्ड बदलले, विंडोज मारून मारून थकले. शेवटी 2012 च्या जानेवारीत कंपनीने नवं फर्मवेअर दिलं. "5184 भागिले 24 करा," अण्णा म्हणतात. आपण मोबाइल काढतो. "216. नेमके 216 दिवस. यात उगाच कुठेय?" आपण मोबाइल खिशात ठेवतो आणि मुकाट्याने कॉम्प्युटर कधी कधी हँग झाला ते आठवायला लागतो. त्यांना तेच हवं असतं.

त्यांचं पहिलं शस्त्र म्हणजे नमलॉकचा दिवा. कॉम्प्युटर गोठला की नमलॉकची कळ दाबायची. दिवा लागला-विझला तर आत अजून कोणी तरी जागं आहे. एखादा प्रोग्रॅम अडकला असेल किंवा हार्ड डिस्क खराब सेक्टर वाचायचा हट्ट धरून बसली असेल. दिवा ढिम्म राहिला तर मामला खोलवरचा: रॅम, बोर्ड, वीज. ही परीक्षा बिनपैशाची आणि खरीच उपयोगी आहे, त्यामुळे अख्ख्या सोसायटीला त्यांनी ती शिकवून ठेवली आहे. फोनवर नमस्कार-चमत्कार होतच नाहीत.

"अण्णा, हँग झालाय."

"नमलॉक?"

"नाही लागत."

"हात लावू नका. आलो."

अडचण एवढीच, की अण्णा तीन जिने उतरून येईपर्यंत घरातलं कोणी तरी भिंतीवरचं बटण बंद करून टाकतं. मग अण्णा दारात उभे राहून, जागेवरून प्रेत हलवल्यावर पोहोचलेल्या इन्स्पेक्टरसारखे, सगळ्यांकडे आळीपाळीने बघतात.

त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. तारीख, वेळ, कुठलं काम चालू होतं, पंखा किती वर होता, पाऊस होता का, घरात कोण होतं, असे रकाने आखलेले. शेवटच्या रकान्याचं नाव 'इतर'. त्यात 'कुकरच्या तीन शिट्ट्या', 'पाहुणे (नागपूरचे)', 'भांडण' अशा नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत. एकदा सोसायटीचा पंप सुरू होताना व्होल्टेज पडतं का हे बघायला ते वही घेऊन वॉचमनकडे गेले. पंप कधी सुरू करतोस, कधी बंद करतोस, मधे कोणी येऊन जातं का. वॉचमनचा समज असा झाला, की कमिटीला पाणी चोरलं जात असल्याचा संशय आहे. पुढचा महिनाभर त्याने पंप घड्याळाच्या ठोक्याला लावला आणि कॉम्प्युटर हँग व्हायचा तसा होतच राहिला. अण्णांनी पंपाच्या नावावर काट मारली. सोसायटीला मात्र वेळेवर पाणी आलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा कॉम्प्युटर हे त्यांचं सर्वांत मोठं प्रकरण.

वहिनी डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. त्या वर्षी दोन अंक हातात होते. मुलाने जुन्याच कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर बसवून दिला होता. एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, जुनाच ठेवला, कारण 'चालतोय की'. थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. पान जसंच्या तसं दिसतंय, बाण जागच्या जागी, कीबोर्ड मुका, नमलॉक ढिम्म. बटण दाबून धरून बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा फाइल उघडायची. एक संपादक रोज फोन करून जाहिरातीचं पान बदलत होते. वहिनींच्या डाव्या हाताला कंट्रोल-एसची अशी सवय लागली, की भाजी निवडतानाही त्यांची दोन बोटं परातीच्या काठावर दाबली जायची.

अण्णा आले. आल्या आल्या यंत्राला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. आधी खुर्ची मागितली, मग जबानी घेतली.

"हँग झाला तेव्हा तुम्ही काय करत होतात, सूनबाई?"

"काहीच नाही अण्णा. मी काहीच केलं नाही."

या वाक्यावर जगातला प्रत्येक मेकॅनिक गालातल्या गालात हसतो. अण्णाही हसले. त्यांनी वहीत 'मालकाच्या म्हणण्याप्रमाणे: काही केले नाही' असं लिहिलं आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं.

रॅम काढतानाचे अण्णा बघण्यासारखे असतात. आधी ग्रिलला हात लावून अंगातली वीज उतरवतात. डोंबिवलीच्या दमट हवेत अंगात कसली वीज साठायला. पण नियम म्हणजे नियम. मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या अंगठ्यांनी एकाच वेळी दाबतात, टक् असा आवाज होतो आणि पट्टी अलगद वर येते. तिच्या कडेच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवतात, एकाच दिशेने, हलक्या हाताने. हे खोडरबर त्यांच्या शर्टाच्या खिशात वेगळ्या कागदात असतं आणि त्याने पेन्सिलीचं काही खोडायला सख्ख्या नातवालाही बंदी आहे. घासून झालं की मऊ ब्रशने कण झाडायचे. तोंडाने फुंकर मारलेली चालत नाही, थुंकी उडते. वहिनींच्या मुलाने एकदा फुंकर मारली तेव्हा त्याला दहावीत किती टक्के पडले होते याची अण्णांनी चौकशी केली.

पट्टी परत बसली. कॉम्प्युटर सुरू झाला. अण्णा समोर दीड तास बसले. वहिनी त्यांना दाखवायला म्हणून एकामागून एक फाइली उघडत होत्या, पानं सरकवत होत्या, प्रिंट मारत होत्या. काहीही झालं नाही. अण्णा घरी पोहोचून पायजमा घालतात न घालतात तोच फोन आला.

"तुम्ही असलात की होतच नाही बघा," वहिनी म्हणाल्या. "त्याला माणूस कळतो."

असल्या वाक्याने दुसरा एखादा सुखावला असता. अण्णांनी वहीत नवा रकाना आखला: 'मी हजर / गैरहजर'. संशयितांच्या यादीत त्यांनी स्वतःचंही नाव घातलं होतं.

मग रॅमची रात्रभराची तपासणी. त्यासाठी मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. विंडोज उघडतच नाही, निळ्या पडद्यावर आकडे पळत राहतात आणि रॅमच्या प्रत्येक खणात काही तरी लिहून तेच परत वाचलं जातं. कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि हॉलमध्ये वहिनींच्या सासूबाई, माई झोपतात. मध्यरात्री त्यांना जाग आली तर खोलीभर निळा उजेड आणि भिंतीवर आकड्यांच्या सावल्या. माईंनी रामरक्षा म्हटली, पण बटणाला हात लावला नाही, कारण अण्णांनी झोपण्यापूर्वी त्यांच्याकडून तसं वचन घेतलं होतं. सकाळी अण्णा दात घासून थेट तिथे. सगळ्या फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. "एकही एरर नाही," असं त्यांनी इतक्या खिन्नपणे सांगितलं, की माईंना वाटलं काही तरी गेलं.

पुढचे संशयित भराभर सुटले. प्रोसेसरचं तापमान ठीक, पंख्यात धूळ होती ती झाडली. हार्ड डिस्कच्या स्मार्ट अहवालात खराब सेक्टर नाहीत, केबलच्या चुका नाहीत. बोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले नाहीत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 41 नंबरची नोंद मात्र रांगेने: कॉम्प्युटर रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. ही नोंद पाहून पुष्कळ जण हर्षभरित होतात. अण्णा नाही झाले. यंत्र रीतसर बंद झालं नाही हे खरंच आहे, वहिनींनीच बटण दाबून ते बंद केलं होतं. का गोठलं याबद्दल त्या नोंदीत अक्षरही नसतं.

एसएमपीएसपाशी ते रेंगाळले. त्यांच्याजवळ नोकरीतला काट्याचा मीटर आहे. पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5, नारिंगी 3.3, आणि त्यात पाच टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे पिवळीवर 11.4 ते 12.6 पर्यंत हरकत नाही. काटा बरोबर बाराच्या पुढे टेकला. "सरळ दिसतोय," अण्णा पुटपुटले. "पण हा काटा म्हातारा आहे माझ्यासारखा. एका क्षणाचा झोल झाला तर याला कळायचा नाही." 'एसएमपीएस' या शब्दापुढे काट न मारता त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवलं.

गाठ सुटली ती माईंच्या हरिपाठाने.

संध्याकाळी सातला माई कॉम्प्युटरवर यूट्यूबचा हरिपाठ लावायच्या. वहिनी तेवढ्यात स्वयंपाकाला लागायच्या. एके दिवशी माईंनी सहज सांगितलं, "अण्णा, माझ्या हरिपाठात हा कधीच अडकत नाही हो. नामाचा महिमा."

इतर कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. अण्णांनी वही उघडली, मागची सगळी पानं चाळली आणि गप्प झाले. सात ते आठ या वेळात एकदाही नोंद नव्हती. माईंचं निरीक्षण चोख होतं. फक्त निष्कर्षाला आणखी पुरावा हवा होता.

"माई, उद्या हरिपाठाऐवजी बातम्या लावून बघू."

"सात वाजता?"

"शास्त्रासाठी."

दुसऱ्या दिवशी सात ते आठ बातम्या लागल्या. सहा माणसं एकदम ओरडत होती, कॉम्प्युटर ठणठणीत. तिसऱ्या दिवशी शेअर बाजाराचं चॅनेल. तरीही ठणठणीत. माई म्हणाल्या, "आदल्या दिवसांचं पुण्य पुरत असेल." हा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही हे अण्णांनी मान्य केलं. मग चौथ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, एकही प्रोग्रॅम उघडला नाही, सगळ्यांना आतल्या खोलीत पाठवलं आणि स्वतः पाठ करून बसले. पाठ का केली ते विचारलं नाही; बहुधा 'मी हजर' हा रकाना निम्मा भरायचा असावा. वीस मिनिटांनी वळून नमलॉक दाबला.

दिवा ढिम्म.

"सूनबाई!" अण्णा ओरडले. इतका आनंद मी लग्नातल्या व्याह्यांच्या आवाजातसुद्धा ऐकलेला नाही. "तुम्ही खरंच काही करत नव्हतात!"

वहिनी पहिल्यापासून हेच तर सांगत होत्या. कॉम्प्युटर कामात असताना गोठतच नव्हता. वहिनी कुकर उतरवायला उठल्या, दारावर पोस्टमन आला, संपादकांशी फोनवर वाद झाला, की तो रिकामा राहायचा आणि मग थिजायचा. अण्णा समोर बसले की वहिनी त्याला राबवायच्या, म्हणून अण्णांसमोर होत नव्हता. मेमटेस्टने रात्रभर दमवला, म्हणून तेव्हाही नाही. हरिपाठ, बातम्या, शेअर बाजार, काहीही चालू असलं तरी त्याला झोप लागत नव्हती.

झोपेचं अण्णांनी आम्हाला जिन्यात उभं करून समजावलं. हल्लीचे प्रोसेसर दोन कळांच्या मधल्या वेळातही डुलकी काढतात, वीज वाचवायला. रिकामे राहिले तर झोप आणखी गाढ होते आणि वीज इतकी कमी लागते, की जुन्या धाटणीच्या एसएमपीएसला गिऱ्हाईकच उरत नाही. त्याचा व्होल्टेज डळमळतो आणि झोपलेला प्रोसेसर उठतच नाही. 2013 च्या सुमाराला या प्रकाराची इतकी चर्चा झाली, की पॉवर सप्लाय विकणाऱ्या कंपन्यांना आपलं कुठलं मॉडेल ही गाढ झोप सोसतं याच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या. पूर्वी 12 व्होल्टच्या लाइनवर निदान अर्धा अँपिअर तरी ओढला जाईल असं धरलेलं असे. आता तो आकडा 0.05 वर आला होता. त्यावर उतारा म्हणून काही बोर्डांच्या बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असा पर्याय असतो. तो 'टिपिकल' वर ठेवला की प्रोसेसर अगदी ढाराढूर झोपत नाही.

"मग ठेवा की," वहिनी म्हणाल्या.

"ठेवणार. पण एवढंच करणार," अण्णा म्हणाले. "एका वेळी एकच बदल. मग आठवडाभर रिकामा ठेवून बघायचा."

"आठवडाभर? शुक्रवारी प्रेसला फाइल द्यायचीय!"

"हरिपाठ लावून काम करा. रात्री रिकामा ठेवा." अण्णांनी नोंदीसाठी नवं पान उघडलं. शनिवारी संध्याकाळी बदल करायचं ठरलं.

शनिवारी दुपारी वहिनींचा भाचा पुण्याहून आला. चांगला मुलगा, हुशार, घाईत. मामीचं काम अडलंय म्हटल्यावर त्याने येतानाच नवा एसएमपीएस आणला होता. तो बसवला. मग बायोस अपडेट केलं. मग विंडोज मारली, कारण हात लावलाच आहे तर. जाताना स्पाइक बस्टरही बदलला आणि संध्याकाळची गाडी पकडायला कल्याणला गेला. वहिनींनी दोन्ही अंकांची पानं लावली, कुकर उतरवून आल्या, फोनवर भांडल्या, पोस्टमनला पाणी दिलं. कॉम्प्युटर जागाच.

अण्णा संध्याकाळी वही घेऊन आले.

त्यांना सांगायचं कोणी यावर घरात आधी चर्चा झाली होती म्हणे. शेवटी माईंनी सांगितलं. अण्णा खाली बसले. "चार बदल," ते म्हणाले. "एका दुपारीत चार." मग थोड्या वेळाने, "आता कशाने बरा झाला हे कसं कळायचं?"

"बरा झाला ना पण?" वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मला त्यांची बाजू पटते. चार औषधं एकदम देऊन रोगी उठला तर डॉक्टरला फी मिळते, पण रोग कुठला होता ते सांगता येत नाही. पुढचा असाच कॉम्प्युटर आला की पुन्हा चारही करावे लागणार, त्यांतले तीन फुकट. भाच्याला याची फिकीर नाही, त्याला संध्याकाळची गाडी असते. पण वहिनींचीही बाजू होती, आणि ती शुक्रवारी प्रेसला जायची होती. म्हणून अण्णांनी जेव्हा अगदी अदबीने विचारलं, "जुना एसएमपीएस दोनच दिवस परत लावला तर? हँग होतो का एवढंच बघायला?" तेव्हा कधीही आवाज न चढवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अण्णा, दिवाळीनंतर."

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा दारात. वहिनींनी चकल्यांचा डबा आणि त्यावर जुना एसएमपीएस ठेवून दोन्ही त्यांच्या हातात दिलं. परत आणू नका म्हणाल्या. दोन्हींपैकी काय ते स्पष्ट केलं नाही.

अण्णांनी तो घरच्या कॉम्प्युटरला लावला. त्यांचा कॉम्प्युटर कधीही हँग झालेला नाही. ही त्यांच्या निवृत्त आयुष्यातली एक जुनी खंत आहे. महिनाभर सकाळ-संध्याकाळ नमलॉक दाबून बघितला. दिवा दर वेळी लागला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपला प्रोसेसर फार जुना, त्याला एवढी गाढ झोप येतच नाही.

"म्हणजे आता हँग व्हावा म्हणून नवा प्रोसेसर आणायचा?" अण्णांच्या बायकोने, काकूंनी विचारलं.

"हँग व्हावा म्हणून नाही. का होतो ते कळावं म्हणून."

एका शनिवारी मला सोबत घेऊन, दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. डॉ. भडकमकर मार्ग अशी पाटी असली तरी कॉम्प्युटरवाले अजूनही लॅमिंग्टनच म्हणतात. जुना माल ठेवणाऱ्या एका दुकानात अण्णांनी वहिनींच्यासारखाच बोर्ड आणि प्रोसेसर निवडला. नव्या मालाची गोष्ट वेगळी. जुन्या मालावर तिथे फक्त टेस्टिंग वॉरंटी असते, म्हणजे समोर चालवून दाखवायचं आणि विषय संपला.

"पिशवीत एक एसएमपीएस आहे," अण्णा दुकानदाराला म्हणाले. "त्याच्यावर हा रिकामा ठेवला तर हँग होईल ना?"

"काय बोलता साहेब? अजिबात नाही होणार."

अण्णांनी बोर्ड काउंटरवर ठेवून दिला. "मग नको."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यावरच्या गर्दीकडे बघितलं. त्याने बोर्ड उचलला, उलटासुलटा केला, अण्णांच्या पिशवीकडे एकवार नजर टाकली.

"होईल साहेब," तो म्हणाला. "नक्की होईल. हमखास."

अण्णांनी ते बिलावर लिहून मागितलं.